अकरा बायकांचं एक खातं

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पेन्शन किती बसली, आणि आमच्या पोराला लोन मिळेल का. तेहतीस वर्षं काउंटरच्या आत बसून तुम्ही काय काय बघितलंत, हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. या अंकाच्या संपादकांनी विचारलं तेव्हा मला इतका आनंद झाला की गॅसवरचा चहा उतू गेला. त्यांची अट एकच होती, पार पहिल्या दिवसापासून सुरुवात करू नका. बरंच झालं. पहिली तीन वर्षं मी फाटक्या नोटा निवडत होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मी नसीम मुलाणी, तळेगाव दाभाड्याची. माहेर इथलंच, सासरही इथलंच. आमच्या ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मी कॅश सांभाळली, पासबुकं भरली, लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या, सह्या जुळत नाहीत म्हणून मोठमोठ्या माणसांना परत पाठवलं. आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बँकेने माझ्या गळ्यात काय घातलं? मोबाइल ॲप! तेही साधं नाही. त्याच्यात एआय बसवलेली.

तिचं नाव चतुरा. हे नाव मी ठेवलेलं नाही, मुंबईच्या हेड ऑफिसने ठेवलं. चतुरा म्हणजे ॲपमधली बोलणारी बाई. तिला मराठीत विचारायचं, 'या महिन्यात माझे पैसे कुठे गेले?' की ती सांगणार, इतके खाण्यावर, इतके रिचार्जवर, आणि वर एक सल्ला देणार. शिवाय ती मागच्या मागे प्रत्येक व्यवहारावर नजर ठेवायची. काही वावगं दिसलं की खातं जागच्या जागी थांबवायची. आम्हाला विचारायची नाही. आम्हाला नंतर कळवायची.

हे ॲप कॉलेजच्या मुलामुलींच्या गळी उतरवायचं, हे माझं काम. शाखेत तरुण मंडळी नव्हती असं नाही. पण आमचा मॅनेजर निखिल, वय एकतीस, मूळ नागपूरचा, मला म्हणाला, "मॅडम, पोरं तुमचं ऐकतात. माझं ऐकत नाहीत, मला ते क्रिकेटचा स्कोअर विचारतात." मग काय, कॉलेजच्या गेटशी टेबल मांडलं, निळी छत्री लावली, आणि अठ्ठावन्न वर्षांची मी तिथे बसून पोरांना एआय शिकवू लागले. येणारे-जाणारे प्राध्यापक माझ्याकडे बघून हसायचे. हसू देत. मला पण हसू यायचंच की.

तुम्हाला वाटत असेल, आजची पोरं, फोन तर हाताला चिकटलेला, ॲप म्हटलं की उडी मारतील. साफ खोटं. पोरं फार सावध असतात. हेड ऑफिसने एक फॉर्म दिला होता, त्यात तीन रकाने: 'इच्छुक', 'अनिच्छुक', 'विचाराधीन'. पहिल्याच दिवशी एक बी.कॉम.चा मुलगा तो फॉर्म वाचून म्हणाला, "मॅडम, 'इच्छुक आहे पण वडिलांना कळता कामा नये' असा रकाना कुठाय?" पुढच्या दोन वर्षांत मी जे शिकले ते एवढंच होतं. पोरांना चोरांची भीती नव्हती, मशीनची नव्हती. भीती होती ती बापाची. मी काय खाल्लं, कुणाला रिचार्ज मारून दिला, हे चतुरा घरी सांगेल का? चिठ्ठी जाईल का घरी? "नाही रे बाबा," मी सांगायचे, "ती तुझ्याशीच बोलते." की लगेच सही.

आणि एकदा घेतलं की तिच्याशी काय काय बोलायचे! पैशाचं सोडून सगळं. एकाने तिला विचारलं, मला नोकरी लागेल का. एकीने विचारलं, मैत्रिणीने उसने घेतलेले पैसे न भांडता परत कसे मागू. त्यावर चतुराने इतकं छान उत्तर दिलं होतं की मी ते वहीत उतरवून घेतलं आणि माझ्या नणंदेवर वापरून पाहिलं. नाही चालला उपाय. पण त्यात चतुराचा दोष नाही, नणंद तशी आहे.

मी सुरुवातीला त्या बाईवर जळायचे, खोटं कशाला बोलू. तेहतीस वर्षांत माणूस ओळखायला शिकले, ही कालची आलेली दोन सेकंदांत ओळखते म्हणे! पण वराळ्याला खोली घेऊन राहणाऱ्या एका मुलाचं प्रकरण झालं, आणि मी कान पकडले. बँकेबाहेरच्या वाचकांसाठी जरा उलगडून सांगते. लोकांना फोनवर फसवून लुटणारे जे चोर असतात, ते लुटीचे पैसे स्वतःच्या खात्यात कशाला घेतील? ते कॉलेजची पोरं गाठतात. तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार घे. आम्ही त्याला भाड्याचं खातं म्हणतो. पैसे अनोळखी लोकांकडून येतात आणि त्याच दिवशी एटीएममधून निघून जातात. वराळ्याच्या मुलाने मित्राच्या मित्राला असंच खातं दिलं होतं. मी त्या मुलाला रोज बघत होते, 'नमस्कार मॅडम' करायचा, मला गुणी वाटायचा. चतुराने त्याला तिसऱ्या दिवशी धरला. आणखी महिना गेला असता तर पोरगं थेट पोलीस चौकीत बसलं असतं. त्याची आई माझ्या पाया पडायला लागली. मी म्हटलं, अहो, माझ्या कसल्या पडता, फोनच्या पडा.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे झालं त्यात चतुरा मूर्ख होती असं कुणी समजू नये. मूर्ख मी होते.

अश्विनी वडिवळ्याची. कामशेतजवळचं गाव, धरणाच्या अंगाला भातशेती. कॉलेजला दुसऱ्या वर्षाला, अंगाने काटकुळी, डोळे मात्र असे की समोरच्याने खोटं बोलायच्या आधी दोनदा विचार करावा. ती टेबलाशी आली आणि पहिला प्रश्न केला, "मॅडम, खात्यात माझे नसलेले पैसे आले तर चालतं का?"

मी म्हटलं, "म्हणजे गं काय?"

मग तिने सांगितलं. तिच्या गावच्या बायका शनिवार-रविवार लोणावळ्याला जातात. पर्यटकांना भाड्याने देतात ते बंगले असतात ना, तिथे भाकरी-भाजी करायची, चादरी बदलायच्या, भांडी घासायची. पूर्वी संध्याकाळी हातावर नोटा पडायच्या. आता बंगल्यावर आलेले लोक म्हणतात, मावशी, नंबर सांगा, टाकतो. बायकांकडे नंबर कुठला? घरात एक फोन, तो नवऱ्याच्या नाही तर मुलाच्या खिशात. "आणि मॅडम, त्या फोनात पैसे गेले की बाईला परत दिसत नाहीत," अश्विनी म्हणाली. म्हणून तिघीजणी अश्विनीचा नंबर सांगत होत्या. सोमवारी ही कामशेतच्या एटीएममधून पैसे काढायची आणि जिच्या तिच्या हातात गुपचूप द्यायची. कागद नाही, पावती नाही. नवऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, मिळतात ते एवढेच.

आता इथे खरी बँकवाली असती तर म्हणाली असती, बाई गं, हे बंद कर, त्या तिघींना शाखेत घेऊन ये, त्यांची खाती उघडू. मी काय म्हणाले? आमचा नियम असा होता की महिन्यात दहा व्यवहार झाले तरच विद्यार्थी 'सक्रिय' धरला जायचा. माझे सक्रिय कमी पडत होते, महिनाअखेर आली होती, निखिल रोज विचारत होता. मी म्हणाले, "चालतं की! उलट आणखी बायका असतील तर त्यांचे पण घे. खातं जितकं चालेल तितकं चांगलं."

पोरीने माझा शब्द मानला. तिघींच्या अकरा झाल्या. त्या अकराजणींची म्होरकी हौसामावशी, साठीची, तोंडाने फटकळ. या लेखात मी सगळ्यांची नावं बदलली आहेत, तरी लिहायच्या आधी मी तिला विचारून घेतलं की मावशी, छापून आलं तर तुमच्या घरी कटकट नको. ती म्हणाली, "लिवा बिनधास्त. आमचं मालक कुटं वाचत्यात?"

चार महिने सुरळीत गेले. अश्विनी माझी सगळ्यात सक्रिय विद्यार्थिनी झाली. हेड ऑफिसच्या पत्रकात आमच्या शाखेचं नाव आलं, निखिलने पेढे वाटले. आणि मग एका सोमवारी अश्विनीचं खातं फ्रीज झालं. पैसे आत येतील, बाहेर जाणार नाहीत.

चतुराच्या जागी बसून बघा. मुंबई, सुरत, नाशिक, कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांचे पैसे एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खात्यात येतात. सोमवार उजाडला की सगळे एटीएममधून काढले जातात. वराळ्याच्या मुलाचं तरी वेगळं काय होतं? रकमा लहान म्हणून चार महिने निभावलं, मग तिने नियमाने धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. फक्त फासाचा दोर माझ्या हातचा होता.

एटीएमपाशी पोरगी रडायला लागली, तिच्या मागे रांगेत गावचाच एकजण उभा. त्याने विचारलं, मशीनने खातं का बंद केलं? ही काय सांगणार? अकराजणींचं गुपित पोटात. संध्याकाळपर्यंत वडिवळ्यात बोभाटा, किसनभाऊच्या पोरीने बँकेला फसवलं, फोनवरनं लोकांचे पैसे लुटायची. किसनभाऊ म्हणजे अश्विनीचे वडील, तोंडाने कमी आणि स्वाभिमानाने जास्त असा माणूस. त्यांनी फोन काढून घेतला आणि एका वाक्यात निकाल दिला, "कालेज बंद."

ती दुसऱ्या दिवशी पायी कामशेतपर्यंत आणि तिथून जीपने माझ्याकडे आली. ॲपने तिला सांगितलं होतं, 'कृपया आपल्या शाखेशी संपर्क साधावा.' आणि शाखेला म्हणजे मला, कॉम्प्युटर सांगत होता, 'ग्राहकाकडून ॲपद्वारे खुलासा मागवावा.' अशी तऱ्हा. खातं पुन्हा सुरू करणं आमच्या हातात नव्हतं. हेड ऑफिसला खुलासा पाठवायचा, पंधरा दिवसांच्या आत. नाही पटला तर खातं कायमचं बंद, आणि पोरीचं नाव संशयितांच्या यादीत. त्या यादीतलं नाव सगळ्या बँकांना दिसतं. उद्या शैक्षणिक कर्ज म्हणा, नोकरीचा पगार म्हणा, प्रत्येक ठिकाणी ते आडवं येणार.

खुलाशाच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न होता. 'अशा व्यवहारांबाबत शाखेतील कर्मचाऱ्याने ग्राहकास काही सल्ला दिला होता काय?'

उत्तर 'होय' होतं. मला माहीत होतं, अश्विनीला माहीत होतं. निखिललाही मी सांगून टाकलं. तो घाबरला बिचारा. "मॅडम, सहा महिने राहिलेत तुमचे. ग्रॅच्युइटी अडकली तर? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तो प्रश्न कोरा सोडा, पुढचं बघू."

मी कोरा सोडला. खरं सांगते, चार दिवस तो फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. रोज अश्विनी यायची, बँकेच्या कामापुरतं वडील सोडत होते, बाकावर बसायची, काही विचारायची नाही. चौथ्या दिवशी उठली आणि काउंटरशी आली. आवाज चढवला नाही, बाकी गिऱ्हाइकांना ऐकूही गेलं नसेल.

"मॅडम, मशीनने मला चोर म्हटलं, कारण त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं ना?"

मला तिचा राग आला आधी, हेही कबूल करते. कालची पोर मला शिकवते! मग स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ते मशीनला तेल घालत होते, मान वर न करता म्हणाले, "लिहून टाक. पेन्शन कमी आली तर मी दोन मशिनी जास्त दुरुस्त करीन."

दुसऱ्या दिवशी मी 'होय' लिहिलं आणि खाली पानभर सगळं मांडलं. महिनाअखेर, माझा आकडा, माझा सल्ला, सगळं. निखिलने वाचलं, डोक्याला हात लावला आणि सही केली. पण हेड ऑफिसचा उलट निरोप आला, कर्मचाऱ्याचं म्हणणं पुरेसं नाही. पैसे ज्यांचे आहेत त्यांनी शाखेत येऊन जबाब द्यावा, प्रत्येकीने, ओळखपत्रासह.

आता बोंबला. त्या बायका शाखेत आल्या तर गावात प्रश्न होणार, का गं गेलीस? मी अश्विनीकडून हौसामावशीला निरोप धाडला, घाबरत घाबरत. तिचा उलट निरोप, "बाजारच्या दिशी येतो."

बाजाराच्या दिवशी बायका घराबाहेर पडल्या तर कोण विचारतं? सकाळी अकराच्या सुमारास आमच्या शाखेचं दार ढकलून त्या आत आल्या. हातात पिशव्या, पिशव्यांत मेथी, वांगी, एकीच्या पिशवीत चक्क कोंबडी. शिपाई म्हणाला, कोंबडी आत नेता येणार नाही. हौसामावशी म्हणाली, "का रं? तिचं खातं न्हाई म्हनून?" सगळी शाखा हसली.

मुंबईचा साहेब व्हिडिओ कॉलवर होता. एकेकीला समोर बसवून तो विचारायचा, पैसे कशाचे, किती, मुलीने कधी कापून घेतले का. "एक रुपाया न्हाई," प्रत्येकीचं हेच. हौसामावशीला त्याने विचारलं, "स्वतःचं खातं उघडायचं सोडून तुम्ही मुलीच्या खात्यात का घेता?"

"सायब, तुमचं लगीन झालंय का?"

"हो."

"तुमचा पगार तुमची बायकू काढती का?"

"नाही."

"मंग तुमाला न्हाई कळायचं. पुढचं इचारा."

साहेबाने मुकाट्याने पुढचं विचारलं. शेवटी एक बाई उरली. सबंध वेळ भिंतीला टेकून उभी होती, पदर कपाळावर. नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं तेव्हा मी चमकून वर बघितलं. सुमन, अश्विनीची आई. घरात लेकीवर चिखल उडत होता आणि ही माऊली गप्प होती, कारण ती बोलली असती तर उरलेल्या दहाजणींच्या घरी आग लागली असती. अकराजणींनी मारुतीसमोर शब्द दिला होता, एकीने दुसरीचं नाव घ्यायचं नाही. आई शब्दाला बांधलेली, लेक शब्दाला बांधलेली. दोघी एका घरात राहून एकमेकींकडे बघत नव्हत्या. जबाब देऊन झाल्यावर सुमनवहिनी मला म्हणाल्या, "खातं चालू व्हईल वो. पन तिचं बा कालेजला सोडनार न्हाईत. गावानं नाव ठेवलंय."

आठवड्यात खातं सुरू झालं. अश्विनीच्या फोनवर, जो वडिलांनी बंद करून ठेवला होता, एक मेसेज आला, 'आपले खाते पूर्ववत करण्यात आले आहे.' माफी नाही, काही नाही. मला मेमो आला, माझ्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा. त्यात 'अतिउत्साह' असा शब्द होता. मी तो फ्रेम करून लावणार होते, आमच्या ह्यांनी अडवलं. ग्रॅच्युइटी सगळी मिळाली, हेही सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहायचं.

पण सुमनवहिनी म्हणाल्या तसंच झालं. अश्विनी कॉलेजला आली नाही. एक आठवडा, दोन आठवडे. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत सोमवारी संपते. खातं बंद पडल्याचं गावाने ऐकलं होतं. ते चालू झाल्याचं कोण सांगणार? मेसेज काय, एका फोनात येतो आणि तिथेच राहतो.

बँकेत एक सोय असते, आर्थिक साक्षरता मेळावा. गावात जायचं, बॅनर लावायचा, लोकांना चार गोष्टी सांगायच्या. मी निखिलला म्हटलं, वडिवळ्याला मेळावा लावायचा, रविवारी. तो म्हणाला, "गाडी मी चालवतो."

रविवारी दुपारी शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. पुरुष पुढे, बायका मागे. त्या रविवारी अकराजणींनी लोणावळ्याचं काम सोडलं होतं. किसनभाऊ खांबाला टेकून उभे होते, बसले नव्हते. अश्विनी आईच्या शेजारी. मी बॅनरवरचं एक अक्षर बोलले नाही. सरळ सांगितलं, "अश्विनीने कुणाला फसवलेलं नाही. तिचं खातं बंद पडलं ते माझ्यामुळे. मी तिला चुकीचा सल्ला दिला, माझं काम वाढावं म्हणून. बँकेने चौकशी केली, पोरगी निर्दोष निघाली, खातं चालू झालं. चूक माझी होती, आणि मी ती इथे तुमच्यासमोर कबूल करते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग पुढे बसलेला एकजण, तोच एटीएमच्या रांगेतला, म्हणाला, "समदं मान्य. पर पैसं कुनाचं व्हतं?"

"ते मी सांगू शकत नाही. गिऱ्हाइकाचा व्यवहार बँक कुणाला सांगत नाही. उद्या तुमचाही सांगणार नाही."

"म्हंजे कायतरी काळंबेरं हायेच," तो म्हणाला. चारजण हसले.

किसनभाऊ खांबापासून दूर झाले. "मॅडम, तुमी एवढ्या लांब आला, लय उपकार झालं. पन पैसं कुनाचं ते तुमी सांगत न्हाई, पोरगी सांगत न्हाई. मी गावात मान वर कशी करायची? कालेज बंद ते बंदच." आणि ते निघाले.

तेवढ्यात मागे सुमनवहिनी उठल्या.

"माजं व्हतं."

किसनभाऊ थांबले.

"बंगल्यावर जाते त्याचं. तुमाला सांगते त्याच्यापरीस जास्त मिळतं. सगळं माजंच व्हतं, एकटीचं. पोरीची फी त्यातनंच भरली, दोन वर्सं."

"मला तर शिष्यवृत्ती म्हनून सांगितलं."

"व्हय. खोटं सांगितलं."

"का?"

"खरं सांगितलं असतं तर ऱ्हायलं असतं का? मागल्या साली भाताचं पैसं आलं ते कुटं गेलं? शर्यतीच्या बैलाच्या अंगावर. ती झूल माज्या लुगड्यापरीस म्हाग हाये."

आता मात्र गाव पोट धरून हसायला लागलं. बैलगाड्याच्या शर्यतीपायी काय काय गेलंय हे तिथल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं, त्यामुळे ते जास्तच मोठ्याने हसत होते. किसनभाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते बायकोकडे बघत राहिले, मग खाली बघितलं आणि हळूच म्हणाले, "न्हाई. न्हाई ऱ्हायलं असतं."

मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, ही म्हनती ते खरं हाये? समदं हिचं एकटीचंच व्हतं?"

मागे दहाजणी बसल्या होत्या. कुणी जमिनीवरची काडी उचलत होतं, कुणी पदराचं टोक पिळत होतं. हौसामावशी माझ्याकडेच बघत होती. तेहतीस वर्षांत मी एका चुकीच्या आकड्यावर सही केली नव्हती. अकरा जबाबांच्या झेरॉक्स निखिलच्या बॅगेत होत्या.

"हो भाऊ," मी म्हटलं. "सगळं त्यांचंच."

किसनभाऊंनी खिशातून पोरीचा फोन काढला आणि तिच्या हातात दिला. "उद्या कालेज हाये का?"

"हाये."

"मंग जा. फारम भर."

अश्विनी रडली, हे सांगायला नको. मीही रडले. निखिल बॅनर गुंडाळण्याच्या निमित्ताने पाठ करून उभा राहिला. हौसामावशीने जेवल्याशिवाय सोडलं नाही, नव्या इंद्रायणीचा भात आणि वाटाण्याची आमटी. मला वाढायला सुमनवहिनी आल्या. त्यांनी तूप जरा जास्तच घातलं.

परत येताना कामशेतच्या पुढे निखिल म्हणाला, "मॅडम, जबाब तर अकराजणींचे होते."

"निखिल," मी म्हटलं, "तुझी अजून तीस वर्षं नोकरी आहे. शिकशील."